योन्सीच्या 'गो'मधला वाद्यमेळ: एवढा गजबजाट, तरी गायक दबत का नाही?

मध्यसप्तक
सिगुर रोस हा आइसलँडचा बँड इथे बऱ्याच जणांच्या ऐकण्यातला असेल. त्याचा गायक योन्सी (पूर्ण नाव योन थोर बिर्गिसन) याचा 'गो' हा अल्बम एप्रिल २०१० मध्ये आला. नऊ गाणी, चाळीस मिनिटांच्या आसपास. निर्मिती त्याची स्वतःची, ॲलेक्स सोमर्सची आणि पीटर कॅटिसची. वाद्यमेळ अमेरिकन संगीतकार निको म्यूलीचा, तालवाद्यं फिनलंडच्या सामुली कोस्मिनेनची.

बँडमधला योन्सी गिटारवर चेलोचा गज घासत आठ-दहा मिनिटं एका मूडमध्ये राहतो. इथे चार मिनिटांच्या गाण्यात बासऱ्या, तंतुवाद्यं, ब्रास, पियानो आणि ढोलांचा धुमाकूळ. त्याचा गळा मात्र बारीक, बहुतेक फॉल्सेटोत (नेहमीच्या गळ्याच्या वरचा, हलका आवाज). एरवी असा आवाज ऑर्केस्ट्रात दिसेनासा होतो. इथे होत नाही, ते कशामुळे?

दुसरा भाग कामाचा. बँडच्या गायकाला स्वतःच्या गाण्यांना या जातीचा मेळ बसवायचाय आणि हाताशी आहेत चार व्हायोलिन, एक चेलो, एक बासरीवाला आणि घरचा संगणक. कुठून सुरुवात करायची? माझं मत: आधी तंतुवाद्यं लिहावीत, बाकी सगळं त्याभोवती.

उगाच_एक
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

तंतुवाद
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सप्तक वाटून दिलेलं आहे. हा गळा मुख्यतः ४४० ते ८८० हर्ट्झच्या पट्ट्यात फिरतो. त्याच पट्ट्यात व्हायोलिनना लांब स्वर दिले की गायक गेलाच, कारण फॉल्सेटोत वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक स्वर) कमी आणि व्हायोलिनमध्ये भरपूर. मग तुम्ही गायकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर करता, तो टोचायला लागतो, पुन्हा खाली आणता, आणि रात्रभर हेच.

'गो डू' किंवा 'बॉय लिलिकॉई' ऐका. बासऱ्या गळ्याच्या वर आहेत आणि त्या स्वर धरून ठेवत नाहीत, तुकडे करतात. लांब धरलेलं काम बरंचसं गळ्याच्या खाली. मधला पट्टा गाणं चालू असताना मोकळा. ओळ संपून गायक श्वास घेतो तेव्हाच कुणीतरी त्या जागेत शिरतं.

लिहिताना सोपी चाचणी: गायकाची चाल एका रांगेत आणि बाकी सगळी वाद्यं तिच्याखाली, एकाच पडद्यावर उघडा. गायकाच्या स्वरापासून वर-खाली तीन स्वरांच्या आत कुठलंही वाद्य एका मात्रेपेक्षा जास्त थांबलेलं दिसलं, तर ते एक सप्तक हलवा किंवा तोडा.

ढोलकीबाज
मध्यसप्तक, तंतुवाद्यांपासून सुरुवात अजिबात नको. हा अल्बम तालावर उभा आहे. 'ॲनिमल अरिथमेटिक' मधून कोस्मिनेनला काढा, मागे जे उरेल ते लग्नाच्या व्हिडिओला लावायचं संगीत.

व्यवहाराचंही कारण आहे. तंतुवाद्यं एकदा रेकॉर्ड झाली की लय हलवता येत नाही. मिनिटाला १३८ मात्रांची १४४ करायची इच्छा झाली तर सॉफ्टवेअर ताणेल, पण व्हायोलिनच्या व्हायब्रेटोचा (स्वरातल्या थरथरीचा) वेगही वाढतो आणि सगळे थंडीत कुडकुडत वाजवताहेत असं वाटतं. म्हणून क्रम असा: लय पक्की, कच्चा (तात्पुरता गायलेला) गळा, तालवाद्यं पूर्ण, मग तंतू आणि बासरी, आणि शेवटी पक्का गळा. पक्का गळा शेवटी अशासाठी की भरलेला मेळ कानात असला की गायक वेगळ्या ताकदीने गातो. कच्च्या ट्रॅकवर गायलेलं नंतर बिचारं वाटतं.

पंचमवेडी
ढोलकीबाज +१, फक्त एक पाचर. कच्चा गळा कच्चा असला तरी सुरात हवा. व्हायोलिनवाले हेडफोनमध्ये त्याच्याकडे झुकतात. तो २० सेंट (अर्ध्या स्वराचा पाचवा भाग) खाली असेल तर चौघेही थोडे थोडे खाली सरकतात, आणि मग पियानोशी कुणाचंच जुळत नाही. सरळ पियानोवर चाल वाजवून तीच द्या, भानगड मिटली.

शेवटची_रांग
विरोधी मत नोंदवतो, दिवे घ्या. मला हा अल्बम दमवतो. नऊतली निदान पाच गाणी पहिल्या मिनिटातच शिखरावर जाऊन बसतात, मग चढायला जागाच नाही. 'टोर्नेडो' आणि 'ग्रो टिल टॉल' हेच काय ते खऱ्या अर्थाने वाढतात. बाकी ठिकाणी आनंदाची सक्ती आहे. शिवाय इंग्रजीत गाऊन त्याने स्वतःचं गूढ घालवलं. सिगुर रोसमध्ये अर्थ नसलेले शब्द गातो तेव्हा तो जास्त सांगतो.

तंतुवाद
इंग्रजीबद्दल: 'कोल्निदुर' आणि 'हेंगिलाउस' आइसलँडिकमध्येच आहेत, आणि अल्बमचा शेवट 'हेंगिलाउस'वर आहे, संथ, ब्रास आणि तंतूंच्या लांब स्वरांचा. म्हणजे सक्ती शेवटपर्यंत नाही.

पहिल्या मिनिटात शिखर हे मान्य. पण शिखरावर पोचल्यावर म्यूली वाद्यं वाढवत नाही, काम बदलतो. पहिल्या कडव्यात जे बासऱ्या करत होत्या ते दुसऱ्यात व्हायोलिनकडे जातं, तिसऱ्यात पियानोकडे. कानाला चढल्यासारखं वाटतं, आवाजाचा मीटर तिथेच. म्यूली मिनिमलिस्ट संगीतकार फिलिप ग्लासकडे काम केलेला माणूस, छोटे आकृतिबंध पुन्हापुन्हा वाजवून सूक्ष्म बदल करायचे हे त्याच्या हातात मुरलेलं आहे.

शेवटची_रांग
हे पटलं. दमणं मात्र कायम.

कान_टवकारून
'गो डू'च्या सुरुवातीला गळ्याचेच तुकडे वाद्यासारखे वाजतात, ते कसं करतात? कुणी सांगेल का?

ढोलकीबाज
पद्धत सरळ आहे. एकच सूर 'आ', 'ओ', 'ई' अशा तीन-चार उच्चारांवर, व्हायब्रेटो न देता, चार-पाच सेकंद गाऊन घ्या. त्याचे सोळांश (पाव मात्रा) लांबीचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टकटक ऐकू येते. मग सँपलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज स्वरांवर वाजवणारं सॉफ्टवेअर) टाकून कीबोर्डवर वाजवा. मूळ स्वरापासून वर-खाली तीन-चार अर्धस्वरांपलीकडे नेलं की कार्टून होतं, म्हणून दर चार अर्धस्वरांना नवीन स्वर गाऊन घ्यायचा. तुकडे सगळे एकाच जोराचे ठेवू नका, दर तिसरा-चौथा थोडा हळू. यंत्रपणा तिथे मोडतो.

उगाच_एक
गायकाचे तुकडे करायची परवानगी कुणाकडून घ्यायची?

मडगांवचो_पेद्रू
थोडं अवांतर. बँड, गायक आणि ऑर्केस्ट्रा यांची ही सांधेजोड आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओंत पन्नासच्या दशकापासून चालू होती आणि ती करणाऱ्यांत गोंयकार भरपूर. गावोगावच्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलं जायचं, त्यामुळे पोरं वाचतच मुंबईला यायची. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. गाणाऱ्याच्या ओळीमागे दुसरी चाल चालवायची, पण गायकाचा स्वर लांबला की हलायचं आणि गायक हलला की थांबायचं, हे त्यांच्या कामात नीट ऐकू येतं. तंतुवाद जे श्वासाच्या जागेबद्दल म्हणताहेत तेच हे. देव बरें करूं.

पंचमवेडी
पेद्रूबाब, यावर वेगळा धागा काढाच.

सोमवारपेठी
अजून कुणी पट्टीचा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. आपला गायक हार्मोनियमवर पट्टी ठरवतो आणि सांगतो 'काळी एक' (सी शार्प). व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा सहसा ग, ड, अ, ई, म्हणजे जी, डी, ए, ई. काळी एकच्या बिलावलात (सगळे शुद्ध स्वर) यातली एकही तार येत नाही. चौघांना प्रत्येक स्वर दाबून काढावा लागतो, तार गुंजत नाही, सूर डळमळतो आणि मेळ कोंदट वाटतो. तेच गाणं अर्धा स्वर चढवून पांढरी दोनवर (डी) घ्या: चारही मोकळ्या तारा त्या सप्तकात बसतात. व्हायोलिनचा आवाज आपोआप उजळतो, एकही वाद्य न वाढवता. गायकाला अर्धा स्वर जड जात असेल तर पांढरी एकवर (सी) उतरा, चारही तारा तिथेही आहेत. उल्हसित आवाज हवा असेल तर पट्टी गायक आणि अरेंजर दोघांनी मिळून ठरवायची.

हार्मोनियम ४४० ला आहे का हेही ट्यूनरवर बघा. ४४५ च्या आसपासच्या पेट्या सर्रास सापडतात. पियानोचे सँपल ४४० ला आणि पेटी त्याच्या २० सेंट वर, मग बासरीवाल्याने कुणाचं ऐकायचं?

शेवटची_रांग
ग, ड, अ, ई! सोमवारपेठीकाका, शाळेच्या फळ्यापुढे उभं केलंत.

टोरंटोची_मावशी
बासरीबद्दल. एसीत २२ अंशांना सूर जुळवून घेतला आणि लाइट लावून खोली २७ वर गेली, तर दर अंशाला साधारण ३ सेंट या हिशेबाने बासरी १५ सेंट चढते. तंतुवाद्यं उलट उतरतात. दोन टेकच्या मध्ये एसी चालू-बंद करण्यापेक्षा आधी तासभर खोली एका तापमानाला आणा आणि एसीच्या आवाजाचं दुसरं काहीतरी बघा.

दुसरं, पाश्चात्त्य बासरीचं खालचं सप्तक हवेचं, मऊ. ढोल चालू असताना तिथे लिहिलेलं काहीही ऐकू येणार नाही. ढोल बंद असताना तिथेच ती सगळ्यात सुंदर. पिकोलो (छोटी बासरी) लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो, ग्लॉकेनश्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) दोन सप्तकं. संगणकाने प्रत्येक वादकाच्या नोटेशनचे सुटे भाग छापताना या दोन वाद्यांत घोळ होतोच, छापण्याआधी डोळ्याने तपासायचं.

मध्यसप्तक
बासरीवाला आपल्या बांबूच्या बासरीचा आहे. ते जलद तुटक काम जमेल का?

टोरंटोची_मावशी
जमेल, पण छोट्या बासरीवर. मोठ्या बासरीवर बोटं पसरलेली असतात आणि आवाज उमटायला वेळ लागतो. जिभेचं 'तु-कु तु-कु' करून सोळांश निघतात. दोन गोष्टी टाळा: अर्ध्या छिद्राने काढायचे स्वर जलद ओळीत देऊ नका, आणि मींड नको, मींड आली की गाणं दुसऱ्याच गावाला जातं. चार चार मात्रांचे दोन तुकडे लिहून एकाआड एक ट्रॅकवर घ्या, म्हणजे त्याला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला सलग वाटतं.

तंतुवाद
आता चार व्हायोलिनचं. लोक म्हणतात, चौघांनी चारदा वाजवलं की सोळा झाले. होत नाहीत. तीच वाद्यं, तीच खोली, तोच माइक, त्याच सवयी. त्यामुळे ठरावीक कंपनं चौपट होतात आणि आवाज रुंद होण्याऐवजी जाड, नाकातला होतो. हे टाळायचं तर प्रत्येक फेरीत काहीतरी बदला. पहिल्या फेरीला माइक दोन-अडीच मीटर उंचीवर. दुसऱ्या फेरीला चौघांच्या खुर्च्या आणि ओळी अदलाबदल, माइक एक मीटर मागे. तिसऱ्या फेरीला घोडीवर म्यूट लावून, आणि हीच फेरी मिक्समध्ये सगळ्यात हळू. याच्या पुढे जाऊ नका. चेलो दोनच फेऱ्या, नाहीतर २०० हर्ट्झच्या आसपास चिखल होतो आणि ढोलकीबाज भांडायला येतात.

आणि चौघांना दोन-दोन असं वाटू नका. दोन व्हायोलिन एकाच ओळीवर ही सगळ्यात वाईट संख्या: सुरातला जरासा फरक सरळ लाटेसारखा ऐकू येतो. एक चालतं, तीन चालतात.

पंचमवेडी
असहमत. तुमच्याच हिशेबाने तीन फेऱ्या घेतल्या की दोनाचे सहा होतात, मग हा नियम लागूच होत नाही. नियम एका फेरीत थेट वाजवणाऱ्यांचा आहे. उलट तीन-एक वाटलं तर एकट्याच्या ओळीला तिन्ही फेऱ्यांत एकच माणूस येतो, आणि तुम्हीच म्हणालात की तोच माणूस पुन्हा नको.

तंतुवाद
खुर्च्या बदलतात ना, एकट्याची ओळ दर फेरीला दुसऱ्याकडे जाते. पण दोन-दोनमध्ये फेऱ्यांआड जोड्या फोडल्या तर तेही चालेल, हे खरं. जोड्या त्याच ठेवून तीनदा वाजवू नका, एवढं धरा.

ढोलकीबाज
चिखलावरून भांडायला आलो आहे. मोठ्या ढोलांचा गाभा ८० ते २०० हर्ट्झ. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ ला. चेलोला १०० च्या खाली उतरता कट द्या आणि ढोल वाजतात त्या ठोक्यावर चेलोचा स्वर सुरू करू नका, अर्धी मात्रा पुढे सरकवा. मिक्समध्ये तासन् तास घालवण्यापेक्षा कागदावर सरकवणं स्वस्त. 'टोर्नेडो'त पियानोच्या खालच्या बाजूला ढोल येतात तिथे इतर कोण गप्प आहे ते ऐका.

क्लिकबद्दलही (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारा ठोका). टोकदार 'टिक' आवाज हेडफोनमधून गळून व्हायोलिनच्या माइकमध्ये जातो, आणि शांत शेवटात तो ऐकू येतोच. बोथट, लाकडी आवाजाची क्लिक घ्या, हेडफोन बंद कपाचे, आणि शेवटच्या लांब स्वराला क्लिक आपोआप शून्यावर जाईल असं आधीच आखून ठेवा. व्हायोलिनवाले एक कान उघडा ठेवतात; तो मोकळा कप मानेवर न सोडता डोक्याला दाबून ठेवायला सांगा.

कान_टवकारून
आणि रंगमंचावर? इतकी वाद्यं घेऊन फिरणं कसं परवडलं त्याला?

शेवटची_रांग
फिरलाच नाही घेऊन. २०१० च्या दौऱ्यात रंगमंचावर पाच जण होते, योन्सी आणि सोमर्स धरून. ऑर्केस्ट्रा नाही. प्रत्येक जण तीन-चार वाद्यं हाताळतोय, मागे ५९ प्रॉडक्शन्स या कंपनीचं प्राण्यांचं आणि वादळाचं चित्रण. 'गो लाइव्ह' त्याच वर्षी आला. मला मूळ अल्बमपेक्षा तो जास्त आवडतो, दमवत नाही. कमी हातांत बासऱ्यांचा नक्षीदारपणा गेला, पण 'ग्रो टिल टॉल' तिथे खरं वाढतं.

उगाच_एक
म्हणजे शेवटच्या रांगेतून आता पहिल्या रांगेत.

शेवटची_रांग
तिकीट कोण काढणार?

सोमवारपेठी
हे पाच जणांचं उदाहरण मध्यसप्तकांच्या कामाचं आहे. त्या पाच जणांनी मेळ छोटा केला नाही, त्यातली कामं ओळखली: वरची चिवचिव एकाने, खालचा धरलेला स्वर एकाने, ताल दोघांनी, गळा. तुमच्याकडे गायक सोडून सहा माणसं आहेत, म्हणजे जास्तच.

मध्यसप्तक
आता जरा आवाक्यात आलं. शेवटचा प्रश्न: सहांनी भरत नसेल तर संगणकातले सँपल मिसळावेत का? मिसळले की सगळं प्लास्टिक वाटतं.

टोरंटोची_मावशी
प्लास्टिक वाटण्याचं पहिलं कारण उशीर. लेगॅटोचे (जोडून वाजवलेल्या स्वरांचे) सँपल साधारण १०० मिलिसेकंद उशिरा उमटतात. १४० च्या लयीत सोळांश १०७ मिलिसेकंदांचा. म्हणजे तुमचे सँपल जवळजवळ एक पूर्ण सोळांश मागे पडले. सगळा ट्रॅक तेवढा आधी सरकवा, आणि तुटक स्वरांचे सँपल वेगळ्या ट्रॅकवर ठेवून त्यांचा उशीर वेगळा मोजा, तो बराच कमी असतो.

दुसरं, सँपल खाली आणि खरे चार वर, उलटं नाही. खऱ्या व्हायोलिनच्या गजाचा खरखरीत स्पर्श कानाला पुरतो, त्याच्या मागे काय आहे ते कान फारसं विचारत नाही. सँपलना ३ किलोहर्ट्झच्या वर जरा कमी करा म्हणजे ते पुढे येत नाहीत. सगळ्यांना एकच रिव्हर्ब (खोलीचा घुमारा), २० ते ४० मिलिसेकंद प्री-डिलेने (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर). सँपलना त्यांचा स्वतःचा हॉल असतो, तो बंद करा, नाहीतर एक दिवाणखाना आणि एक चर्च एकाच गाण्यात.

तंतुवाद
क्रम पुन्हा एकदा, कारण धाग्यात चारही दिशांना पसरलाय. पट्टी पांढरी एक किंवा दोन. लय पक्की. पियानोवर चाल. तालवाद्यं. मग कागद: गळ्याच्या खाली चेलो आणि दोन व्हायोलिन लांब, वर बासरी तुटक, उरलेली दोन व्हायोलिन फक्त गायकाच्या श्वासात. तीन तासांच्या सत्रात व्हायोलिनची दोन गाणी तीन फेऱ्यांसह होतात. चार गाणी एका सत्रात कोंबली तर चौथ्याला चौघांचे खांदे गेलेले असतात आणि ते सुरात ऐकू येतं. सगळ्यात वरचं, सगळ्यात जोराचं गाणं पहिलं घ्या, शांत दुसरं.

पंचमवेडी
आणि गजाच्या खुणा! वर-खाली कुठे ते आधीच पेन्सिलने सुट्या भागांवर लिहा. नाहीतर सत्राचा पहिला अर्धा तास चौघे एकमेकांशी त्यावर चर्चा करण्यात घालवतात, आणि त्या वेळेचेही पैसे तुम्हीच देता.

सोमवारपेठी
प्रत्येक मापाला आकडा, पान उलटायची जागा विरामात, आणि स्टेपल नको. स्टेपल मारलेले कागद उलटताना जो आवाज होतो तो तिन्ही फेऱ्यांत वेगवेगळ्या जागी येतो, कापताही येत नाही. दोन पानं शेजारी चिकटवून एकच रुंद कागद करा.

मध्यसप्तक
चिकटपट्टी आणायला निघालो. गाणं झालं की याच धाग्यावर टाकतो.

उगाच_एक
सँपलशिवाय आणि तुकडे न करता, एवढीच विनंती.

शेवटची_रांग
आणि पहिल्या मिनिटात शिखर नको!